मोकळी जागा

प्रत्येक घरांत एक जागा अशी असते कीं, ती सदा भरलेली असते, आणि ती कोणीं भरली हें घरांतल्या कोणालाहि सांगतां येत नाहीं. कोणाच्या घरीं तो माळा असतो, कोणाच्या घरीं जिन्याखालचा कोनाडा, तर कोणाच्या घरीं देवघराशेजारचें फडताळ. आमच्या घरीं हा मान आमच्या लिहिण्याच्या टेबलाला आहे, असें आमच्या सौभाग्यवतींचें मत आहे; आणि दिवाळीपूर्वीं चार दिवस तें मत त्या कृतीनेंहि व्यक्त करितात. त्या चार दिवसांत आम्ही कॉलेजांत नेहमींपेक्षां उशीरापर्यंत बसतों, आणि घरीं परततांना मनांत एवढेंच म्हणतों कीं, जें गेलें असेल तें आपल्याला पुन्हां कधीं न लागो. बहुधा तें लागत नाहींच. टाकून दिलेल्या बहुतेक वस्तूंची माणसाला पुढें आठवणहि होत नाहीं, हा अनुभव वाचकांसहि असेल. परंतु त्यांतल्याच एखाद्या वस्तूची आठवण जन्मभर पुरते, आणि ती टाकणारा हात आपलाच असला तर ती अधिकच बोंचते. अशाच एका आठवणीची ही हकीकत आहे. तिच्यांतला माळा मात्र लांकडाचा नव्हता. तो आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयांतील सर्व्हरच्या पोटांत होता.

सर्व्हर म्हणजे कांहीं अद्भुत वस्तु आहे, अशी आमची बरेच दिवस समजूत होती. प्रत्यक्षांत ती ग्रंथालयाच्या मागच्या खोलींत अखंड घरघरत बसलेली एक काळी पेटी होती. कोणतें पुस्तक कोणाकडे गेलें, केव्हां परत यावयाचें, दंड किती झाला, हा सारा हिशेब ती ठेवी. आणि देवघेवीच्या खिडकीवरचे तिन्ही संगणक तिला विचारल्यावांचून कोणाला एक पुस्तकहि देत नसत. २०१४ सालीं ती आली तेव्हां तिच्यांतल्या एक टेराबाइटच्या डिस्कचे दोन भाग पाडण्यांत आले. एकाला म्हणावयाचें ‘सी’, दुसऱ्याला ‘डी’. मग ‘ए’ आणि ‘बी’ कोठें गेले, हा प्रश्न आम्हीं भाषेचे अध्यापक या नात्यानें तेव्हां विचारला होता. तीं दोन अक्षरें फ्लॉपी चकत्यांसाठीं राखलेलीं होतीं. १९८३ सालीं आय. बी. एम. च्या ‘एक्सटी’ संगणकांत दहा मेगाबाइटची कायमची डिस्क आली, तिच्या वाट्याला तिसरें अक्षर आलें. पुढें चकत्या कालवश झाल्या तरी त्यांचीं अक्षरें रिकामीं राहिलीं, असें उत्तर आम्हांस मिळालें. गेलेल्या वडील माणसांचे पाट तसेच राखून ठेवावेत असा हा प्रकार ऐकून आम्हांस मौज वाटली.

‘सी’ हा यंत्राच्या स्वतःच्या संसाराचा भाग. विंडोज सर्व्हर ही जी मूळ प्रणाली, तिचें बिऱ्हाड तेथें. बाकीच्या मालमत्तेसाठीं ‘डी’. ‘सी’ला साठ गीगाबाइट जागा देण्यांत आली आणि उरलेली सुमारें ८७० गीगाबाइट ‘डी’कडे गेली. प्रणालीच्या कर्त्यांनीं किमान ३२ गीगाबाइट जागा सांगितली होती. साठ म्हणजे जवळजवळ दुप्पट. शिवाय १९५६ सालीं आय. बी. एम. नेंच जी पहिली डिस्क बाजारांत आणली, तिच्यांत दोन दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्या सगळ्या मिळून पन्नास लाख अक्षरें मावत, हें आम्हीं कोठें तरी वाचलेलें होतें. त्याच्या बारा हजारपट जागा आपल्या ‘सी’ला मिळत आहे, हा हिशेब आम्हीं ग्रंथालय-समितीच्या सभेंत मोठ्या ऐटीनें मांडला आणि सभासदांनीं माना डोलावल्या. घर बांधतांना माळा कोणालाच लहान वाटत नाहीं.

२०१८ च्या जून महिन्याचा दुसरा आठवडा. प्रवेशाचे दिवस. कॉलेज सोडून दुसरीकडे जाणाऱ्या मुलांना पुस्तकें परत केल्याचा दाखला हवा होता आणि तो हातीं आल्यावांचून पुढचीं दारें उघडणार नव्हतीं. खिडकीपुढची रांग जिन्यापर्यंत गेली होती. इतक्यांत ग्रंथपालबाई आमच्या खोलींत धांवत आल्या.

“सर, मशीन कांहीं घेतच नाहीं. लाल अक्षरं येताहेत. मुलं आरडाओरडा करताहेत.”

संगणक-विभागांतला तरुण, आमचाच एक जुना विद्यार्थी, त्या दिवशीं बहिणीच्या लग्नासाठीं गांवीं गेला होता. ग्रंथालय-समितीचे अध्यक्ष या नात्यानें आम्हीं स्वतःच ती मागची खोली गांठली. पडद्यावर ‘सी’च्या नांवापुढची पट्टी लालभडक झाली होती आणि तिच्याखालीं मोकळ्या जागेचा आकडा शून्य होता.

“सर, इथं ट्रँझॅक्शन लॉग भरला असं म्हणतंय,” बाई म्हणाल्या. “आणि पुढं लॉग बॅकअप असंहि कांहीं लिहिलंय.”

“तें यंत्राचं नेहमींचं रडगाणं,” आम्ही म्हणालों. “जागा नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.”

येथें आम्हांस जरा थांबावेंसें वाटतें. आम्ही पंचवीस वर्षें मुलांना कविता शिकवीत आलों. ओळ वाचा, शब्द वाचा, कवीनें हाच शब्द कां योजिला तें स्वतःला विचारा, आणि मगच अर्थाकडे वळा, हें आमचें नित्याचें पालुपद. त्या दिवशीं यंत्रानें एकच वाक्य लिहिलें होतें. त्यांत काय भरलें आहे याचें नांव होतें, तें कशामुळें भरलें याचें कारण होतें, आणि त्या कारणांतच उपायहि होता. असें स्वच्छ वाक्य आमच्या वर्गांत कोणी लिहिलें असतें तर आम्हीं त्याची पाठ थोपटली असती. परंतु तें यंत्रानें लिहिलेलें म्हणून आम्हीं तें वाचलेंच नाहीं.

आम्हीं अडगळ शोधावयास सुरुवात केली. पडद्यावर उघड्यावरच एक फोल्डर होता. त्याचें नांव ‘नवा फोल्डर (३)’. आंत सात फायली, प्रत्येकीचें नांव म्हणजे ‘आरईसी’ आणि पुढें ००१ पासून ००७ पर्यंत आकडे. वजन सात गीगाबाइट. शेवटची तारीख २०१४ ची.

“नानांनीं ठेवलंय वाटतं,” बाई म्हणाल्या. नाना म्हणजे आमचे निवृत्त ग्रंथपाल. “त्यांना फोन करून विचारायचं का?”

“चार वर्षांत कोणीं उघडलेलं नाहीं. त्यांना आतां कशाला त्रास?”

आम्हीं तो फोल्डर टोपलींत टाकला. ही वस्तु टोपलींत मावण्याजोगी नाहीं, कायमचीच काढून टाकावयाची काय, असें यंत्रानें विचारलें. म्हणजे बाईंनीं एकदां विचारलें आणि यंत्रानें दुसऱ्यांदां. आम्हीं दोघांनाहि तेंच उत्तर दिलें. शेजारीं ‘डी’मध्यें आठशेंहून अधिक गीगाबाइट जागा ओस पडली होती आणि तो फोल्डर उचलून तेथें ठेवावयास फार तर पांच मिनिटें लागलीं असतीं, हा विचार त्या क्षणीं आमच्या मनाला शिवलाहि नाहीं. लाल पट्टी निळी झाली. खिडकीवरचे संगणक जागे झाले. रांग पुढें सरकली. बाईंनीं चहा मागविला आणि प्राचार्यांनीं पाठीवर हात ठेवला. आम्हीं तो चहा फार समाधानानें घेतला.

तें समाधान चार आठवडे टिकलें. जुलैंतल्या एका सोमवारीं सकाळीं तीच लाल पट्टी पुन्हां पडद्यावर हजर झाली. या वेळीं आमचा तो तरुण विद्यार्थी जागेवर होता. त्यानें काय केलें तें सविस्तर सांगण्याजोगें आहे. कारण आम्हीं जें करावयास हवें होतें तें तेंच होतें. त्यानें प्रथम कांहींच पुसलें नाहीं. एक कागद घेतला, आणि ‘सी’मध्यें कोण किती जागा अडवून बसला आहे याची यादी केली.

ती यादी आम्हीं त्याच्या खांद्यावरून पाहत होतों. एका ‘विनएसएक्सएस’ नांवाच्या फोल्डराचा आकडा एवढा मोठा दिसला कीं, आम्हीं लगेच बोट दाखविलें. तो हंसला. “सर, याला हात लावायचा नसतो. हा दिसतो तेवढा मोठा नाहीं.” प्रणालीच्या प्रत्येक अवयवाची मूळ प्रत त्यांत असते, आणि तीच वस्तु दुसऱ्या नांवानें दुसऱ्या ठिकाणींहि दाखविली जाते. एकाच गृहस्थाला घरीं बाबा आणि कचेरींत साहेब म्हणतात म्हणून कांहीं माणसें दोन होत नाहींत. पण मोजणारा भोळा असला तर तो दोन मोजतो. त्यांतले जुने, बदलून गेलेले अवयव काढावयाचे असतील तर त्यासाठीं प्रणालीचीच एक आज्ञा आहे. ती आधीं खरें वजन सांगते आणि मग नको तेवढेंच काढते. हातानें काढूं गेल्यास घराचा एखादा वासाच निघून यावयाचा. ‘इन्स्टॉलर’ नांवाचा दुसरा एक फोल्डर असाच. सगळे कार्यक्रम केव्हांच बसवून झाले, मग त्यांचीं खोकीं कशाला, असें कोणालाहि वाटावें. पण तीं टाकलीं तर पुढें त्या कार्यक्रमांची डागडुजी करतां येत नाहीं, त्यांना नीट काढतांहि येत नाहीं. तिसरी एक आठ गीगाबाइटची फाइल. यंत्राची तात्पुरती स्मरणशक्ति अपुरी पडली तर कामीं यावी म्हणून राखलेली. ज्याला ज्याला आम्ही अडगळ म्हणावयास निघालों होतों, तें तें घराच्या कोणत्या ना कोणत्या भाराखालीं उभें होतें.

मग आली ती खरी फाइल. सव्वीस गीगाबाइटांहून थोडी जास्त. म्हणजे साठांच्या खोलींत जवळजवळ अर्धी जागा एकटीनें व्यापलेली. “सर, हाच तो लॉग,” तो म्हणाला, आणि आम्हांस जूनमधलें तें लाल वाक्य आठवलें.

ज्यांच्या घरीं दुकानदारी आहे त्यांना ही गोष्ट आमच्यापेक्षां लवकर उमजेल. वाणी दिवसभरांत जें जें घडेल तें आधीं कीर्दींत टिपतो, आणि मग ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणींत चढवितो. ग्रंथालयाचा हिशेब ठेवणारें सॉफ्टवेअरहि हेंच करितें. पुस्तक गेलें कीं आधीं कीर्दींत नोंद, मग खात्यांत. मध्येंच वीज गेली तरी कीर्द पाहून खातें पुरें करतां येतें. आतां खतावणी झाल्यावर कीर्दीचीं जुनीं पानें फाडावयास हरकत नसावी. परंतु या यंत्राला एक पथ्य सांगून ठेवतां येतें कीं, कीर्दीची नक्कल दुसरीकडे उतरून घेतल्यावांचून एकहि जुनें पान मोकळें करूं नकोस. आमच्या सर्व्हरला तें पथ्य सांगितलेलें होतें. नक्कल उतरून घेण्याचें काम मात्र कोणालाच सांगितलेलें नव्हतें. त्यांतच मार्च महिन्यांत झालेल्या एका दुरुस्तीनंतर दर रविवारीं रात्रीं ग्रंथांच्या साऱ्या सूची नव्यानें बांधण्याचें काम लावून दिलें गेलें होतें, आणि त्या एका रात्रींत कीर्द सुमारें दीड गीगाबाइटनें फुगत असे. ती कीर्द वसविली होती ‘सी’वर, कारण बसवितांना ‘पुढें, पुढें’ असें म्हणत गेलें कीं ती आपोआप तेथेंच बसते.

म्हणजे त्या यंत्राचा अपराध काय, तर आज्ञापालन! कोणी तरी येऊन नक्कल घेईल या भरंवशावर तें मार्चपासून एक एक पान जपून ठेवीत होतें, आणि जागा संपल्यावर त्यानें कारणासकट तसें स्पष्ट सांगितलें. आम्हीं त्याचें म्हणणें न ऐकतां त्याला आणखी सात गीगाबाइट जागा करून दिली, आणि तीहि त्यानें प्रामाणिकपणें भरून टाकली.

उपाय तासाभराचा होता. ‘सी’ची भिंत सरकवून खोली मोठी करतां येईल काय, असें आम्हीं विचारलें, पण लगतची जमीन मोकळी असल्यावांचून विंडोजला भिंत सरकवितां येत नाहीं, आणि ‘सी’ संपतो तेथेंच ‘डी’ सुरू होतो. एकाच वाड्यांत एका भावाच्या वाटणींत दहा दालनें रिकामीं आणि दुसऱ्याच्या वाटणींत एका खोलींत सगळें कुटुंब, अशी ती स्थिति. मग त्या तरुणानें कीर्दीची नक्कल ‘डी’वर उतरविली, जुनीं पानें मोकळीं केलीं, कीर्दच ‘डी’वर नेऊन बसविली, आणि रोज रात्रीं नक्कल घेण्याचें काम यंत्राला नेमून दिलें. ‘सी’चा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग मोकळा झाला. त्या मोकळ्या जागेकडे पाहतांना आम्हांस आमच्या जूनमधल्या पराक्रमाचें थोडें हंसूं आलें. तें शेवटचेंच.

ऑगस्टांत आमच्या गुरुजींची मुलगी नागपुराहून आली. आम्ही ज्यांच्या पायांशीं बसून इंग्रजी वाङ्मय शिकलों आणि ज्यांच्या खुर्चीवर पुढें आम्ही बसलों, ते हे गुरुजी २०१३ सालीं वारले. चहा होईपर्यंत ती इकडचें तिकडचें बोलली, आणि मग म्हणाली, “दादा, नाना म्हणाले कीं बाबांचा आवाज तुमच्या कॉलेजांत आहे. माझ्या मुलानं आजोबांना कधीं ऐकलंच नाहीं. ते गेले तेव्हां तो चार महिन्यांचा होता.”

आम्हांस प्रथम कांहींच उमजलें नाहीं. मग हळूहळू उमजूं लागलें. २०११ सालीं ग्रंथालयाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आमच्या सात निवृत्त अध्यापकांचीं व्याख्यानें झालीं होतीं. नाना आपलें छोटें ध्वनिमुद्रणाचें यंत्र टेबलावर ठेवून तीं टिपून घेत असत. त्या यंत्रानें आपल्या पद्धतीनें फायलींना नांवें दिलीं: आरईसी ००१, आरईसी ००२. गुरुजींचें व्याख्यान शेवटचें, म्हणजे सातवें. निवृत्त होतांना नानांनीं विचार केला कीं, कॉलेजांत सर्वांत सुरक्षित जागा कोणती? सर्व्हर. तो बंद होत नाहीं, त्याला कुलपाची खोली आहे, त्याला कोणी हात लावीत नाहीं. म्हणून त्यांनीं त्या सात फायली सर्व्हरच्या पडद्यावर, सर्वांना दिसाव्यात अशा ठेवून दिल्या. नांव बदलावयाचें राहून गेलें. आवाज मुळांतल्यासारखा राहावा म्हणून तो त्यांनीं दाबून लहानहि केला नव्हता. मिनिटाला सुमारें दहा मेगाबाइट या हिशेबानें साडेअकरा तासांचीं तीं व्याख्यानें सात गीगाबाइट झालीं होतीं.

तिला आम्हीं काय सांगितलें तें येथें लिहीत नाहीं. त्याच संध्याकाळीं आम्ही त्या तरुणाला घेऊन मागच्या खोलींत बसलों. पुसलेली फाइल लगेच नाहींशी होत नाहीं, हें त्यानें सांगितलें तेव्हां आम्हांस धीर आला. तिच्या जागेवर ‘ही जागा रिकामी आहे’ अशी पाटी तेवढी लागते. मजकूर तेथेंच असतो. दुसरें कोणी राहावयास येईपर्यंत तो परत मिळूं शकतो. पण त्या जागेवर राहावयास आलें होतें कोण? तीच कीर्द. जूनमध्यें ती वीस गीगाबाइटची होती. नंतरच्या चार आठवड्यांत ती तीन वेळां दहा दहा टक्क्यांनीं वाढली आणि साडेसव्वीसांच्या वर गेली. म्हणजे आम्हीं मोकळ्या केलेल्या सातांपैकीं साडेसहा गीगाबाइटांवर तिनें वस्ती केली. आणि त्या सॉफ्टवेअरची अशी रीत कीं, कीर्दीला नवीं पानें जोडतांना तीं आधीं शून्यांनीं भरून काढावयाचीं; वीज जाऊन हिशेब अर्धवट राहिला तर कीर्द नेमकी कोठें संपली तें चुकूं नये म्हणून. कोणीं वाचावयाच्या नव्हत्या अशा नोंदींसाठीं जागा हवी होती, आणि त्या जागेवर शून्यें लिहिण्यापुरतीच तिची पहिली गरज होती.

रात्रभर शोध चालला. सकाळीं एक तुकडा सांपडला, चार मिनिटांचा. त्या तरुणानें तो लावला, आणि आम्हांस आमचाच आवाज ऐकूं आला. सातव्या व्याख्यानाचें प्रास्ताविक आम्हीं केलें होतें. चार मिनिटें आम्हीं गुरुजींची थोरवी गाइली होती, अलंकारिक भाषेंत, टाळ्यांची वाट पाहत. “आतां मी सरांना विनंति करतों कीं...” येथपर्यंत तो तुकडा होता. त्यापुढें कांहीं नव्हतें.

या गोष्टीला आज बरींच वर्षें झालीं, आणि आम्हीं तिचा पुष्कळ विचार केला आहे. जागा भरते हा दोष नव्हे. मोठ्यामोठ्यांची भरते. अमेरिकेच्या नासानें मंगळावर पाठविलेली ‘स्पिरिट’ नांवाची गाडी ४ जानेवारी २००४ रोजीं तेथें उतरली, आणि तिसऱ्याच आठवड्यांत, २१ जानेवारीला, मूक झाली. वाटेंतल्या प्रवासापासून तिच्या सांठ्यांत इतक्या फायली जमल्या होत्या कीं, त्यांची नुसती यादी करतांना तिच्या कामाच्या स्मृतींतली जागा संपे. ती स्वतःला बंद करी, पुन्हां सुरू होई आणि पुन्हां तेथेंच अडखळे. असें साठांहून अधिक वेळां झालें. पृथ्वीवरच्या माणसांनीं आधीं तिला तो सांठा न उघडतां जागें होण्यास सांगितलें, दोष कोठें आहे तें शोधून काढलें, आणि मग फायली पुसल्या. नव्वद दिवसांसाठीं पाठविलेली ती गाडी २०१० च्या मार्चपर्यंत बोलत राहिली. पुसणें त्यांनाहि चुकलें नाहीं. आमच्यांत आणि त्यांच्यांत फरक एवढाच कीं, त्यांनीं आधीं विचारलें.

मग सगळेंच जपून ठेवावें काय? आमच्या महाराष्ट्रांत हा प्रश्न सहज उडवून लावण्याजोगा नाहीं. जुन्या घराण्यांचीं दप्तरें रद्दीच्या भावानें जात असतां राजवाडे गांवोगांव हिंडले म्हणून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ आपल्या हातीं आलीं. आणि त्यांत हिशेबाचे, देण्याघेण्याचे कागदहि कमी नाहींत. कोणी म्हणेल, आजची कीर्दच उद्यांचें साधन. परंतु त्या सव्वीस गीगाबाइटांतलें जें जपण्याजोगें होतें तें खतावणींत आधींच उतरलें होतें. आणि त्या सात फायलींची नक्कल जगांत दुसरीकडे कोठेंहि नव्हती. आकारानें मोठें कोणतें, जुनें कोणतें, कितीं दिवसांत उघडलें नाहीं, हे प्रश्न यंत्रहि विचारूं शकतें. हें दुसरीकडे कोठें आहे काय, आणि हें कोणाचें आहे, हे दोन प्रश्न माणसानेंच विचारावयाचे असतात. बाईंनीं त्यांतला एक विचारला होता. आम्हीं त्याला त्रास हें नांव दिलें.

नानांकडे आम्हीं स्वतः गेलों आणि सगळें सांगितलें. ते गृहस्थ बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “नांव द्यायला हवं होतं मीं. पुस्तकाला दाखल-अंक दिल्याशिवाय कपाटांत ठेवत नव्हतों, आणि हें तसंच ठेवलं.” दोष आमचा असतां तो आपल्याकडे घेण्याची त्यांची ती रीत आम्हांस सोसवेना. पुढें म्हणाले, “त्या दिवशीं मीं मागच्या बांकावर बसून सगळं ऐकलं होतं. त्यांच्या मुलीला घेऊन या.”

आम्ही तिला घेऊन गेलों. नाना दोन तास सांगत होते. गुरुजी कोणत्या वाक्यावर थांबले, कोठें त्यांना खोकला आला, पाण्याचा पेला पुढें केला तेव्हां काय म्हणाले, मुलांनीं कोठें टाळ्या दिल्या आणि कोठें द्यावयास हव्या होत्या तरी दिल्या नाहींत. कांहीं आठवे, कांहीं नाठवे. नाठवे तेथें ते तसें सांगत. त्यांनीं गुरुजींची नक्कल केली नाहीं. मुलगी खालीं मान घालून ऐकत होती. आम्ही लिहून घेत होतों. तो आवाज नव्हे, हें आम्हां तिघांनाहि ठाऊक होतें.

प्रणालीच्या त्या आवृत्तीची देखभाल तिच्या कर्त्यांनीं २०२३ च्या ऑक्टोबरांत बंद केली, तेव्हां आमच्या ग्रंथालयानेंहि ती काळी पेटी निवृत्त केली. नव्या सर्व्हरच्या ‘सी’ला दोनशें गीगाबाइट जागा आहे. कीर्द दुसऱ्या भागावर असते, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारीं बाई एका कागदावर मोकळ्या जागेचा आकडा लिहून खालीं सही करितात. ‘नवा फोल्डर’ या नांवाचा फोल्डर कोणालाहि ठेवूं दिला जात नाहीं. ज्याचें नांव नाहीं आणि ज्याचा धनी ठाऊक नाहीं अशी वस्तु सांपडली, तर ती पुसली जात नाहीं. दुसरीकडे हलविली जाते आणि धनी शोधला जातो. हे सारे नियम आम्हींच लिहिले.

नानांनीं सांगितलेलें जें आम्हीं उतरून घेतलें, तें अकरा पानें भरलें. त्याच्या दोन प्रती केल्या. एक नागपुरास गेली. दुसरी नानांनीं स्वतः दाखल-नोंदवहींत चढविली, तिच्यावर अंक घातला आणि कपाटांत ठेविली. तिला तेथें बोटभर जागा लागते.